आत्याच्या बीपीच्या गोळ्या

मंडळी, आजच घडलेलं सांगतो.

आमच्या शहरातल्या ओरछा गेटजवळ माझी आत्या एकटीच राहते. लॉकडाऊन लागल्यापासून मी दूध-भाजी दाराबाहेर ठेवून लांबूनच विचारतो, "अजून काही हवंय?" रोज एकच उत्तर, "सगळं आहे रे."

आज तिनं दार उघडलं तर भिंत धरून उभी! चक्कर येत होती. बीपीच्या गोळ्या संपून आठ दिवस झाले होते.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

"मेडिकलवर गर्दी असते. माझ्यापायी तुला काही झालं असतं तर?"

मी लगेच डॉक्टरांना फोन केला, धावत जाऊन गोळ्या आणल्या. आता ती बरी आहे.

तुमच्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्या तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी शेवटच्या कधी पाहिल्यात?