कूलरपुढची नवसाची कोंबडी

आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त सरांचा कुत्रा शुद्ध शाकाहारी आहे. दूध-पोळीशिवाय तो कशालाही तोंड लावत नाही, असं सर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत. त्याच सात्त्विक जीवाने मागच्या मे महिन्यात भर दुपारी कुंपणाखालून आमच्या अंगणात शिरून आमची तांबडी कोंबडी पाठीवर धरली. सासूबाई कपडे धुण्याची मोगरी घेऊन धावल्या, तेव्हा कुठे त्याने ती सोडली. अंगणभर पिसं उडाली होती आणि कोंबडी तुळशीमागे मान टाकून पडली होती. सर कुंपणापाशी आले, शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "खेळाले गेला असंन बिचारा. तुमी कोंबड्या मोकळ्या काहून सोडता?" चोराच्या उलट्या बोंबा इतक्या शुद्ध स्वरूपात मी पहिल्यांदाच ऐकल्या.

साधी कोंबडी असती तर संध्याकाळी तिचा रस्सा झाला असता आणि विषय संपला असता. आमच्या घरात प्राणिप्रेमाचा काही पूर आलेला नाही. पण ही नवसाची होती. माझ्या नवऱ्याची बदली अमरावतीहून अकोल्याला व्हावी म्हणून सासूबाईंनी ती गावच्या मरीमायला बोलली होती. बदली झाली. नवऱ्याला वाटतं, त्याच्या अर्जामुळे झाली. आम्ही त्याला तसं वाटू देतो. आता आषाढात गावी जाऊन कोंबडी कापायची, एवढंच बाकी होतं. आणि नवसाचे नियम नवऱ्याच्या खात्यापेक्षा कडक. जी बोलली तीच द्यायची, बाजारातून दुसरी आणून भागत नाही. शिवाय ती धडधाकट पाहिजे, लुळंपांगळं जनावर देवीला चालत नाही. म्हणजे कापायची म्हणून आधी तिला जगवायची.

"जगली पायजे ते," सासूबाई म्हणाल्या. "नाई त मी मरीमायले काय तोंड दाखवू?"

शुश्रूषा माझ्याकडे आली. बारावीला मी जीवशास्त्र घेतलं होतं, तेवढी पात्रता पुरली. जनावरांच्या डॉक्टरांनी टोपलीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हशीचं वगैरे काही नाही ना, हीच दाखवायची आहे ना, याची खात्री करून घेतली. पण माणूस चांगला होता. मलम दिलं आणि सांगितलं, "जखम धूत जा. माशी बसू देऊ नका. माशी बसली की अळ्या पडतात, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

मे महिन्यात अकोल्यात माशी कुठे बसत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. ते सासूबाईंना माहीत होतं. त्यांनी कोंबडीला एका खोक्यात घातलं आणि ते थेट कूलरपुढे नेऊन ठेवलं. ती जागा माझ्या नवऱ्याची. तिथे मला लग्नानंतर कधी बसायला मिळालेलं नाही, पाहुण्यांनाही मिळत नाही. तो ऑफिसातून आला, पाहिलं, आणि "आता हिच्यासाठी मी कुठं बसू?" एवढंच म्हणाला. आईने पंख्याकडे बोट दाखवलं. ज्याच्यासाठी कोंबडी बोलली तो पंख्याखाली घामाघूम, आणि कोंबडी वाळ्याच्या गार वासात!

मी रक्ताने चिकटलेली पिसं कात्रीने कापली. पाठीवर दातांची भोकं होती आणि पंखाखालचं कातडं उसवलेल्या खिशासारखं लोंबत होतं. मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचं, मलम लावायचं, की तिने माझ्या मनगटावर चोच मारायची, असा आमचा क्रम ठरला. उपकाराची जाणीव तिला अजिबात नव्हती, त्या बाबतीत ती घरातलीच वाटे. खात मात्र काही नव्हती. गुळाचं पाणी चोचीच्या टोकाशी थेंब थेंब सोडलं तर गिळायची. पहिला खरा घास तिने सासूबाईंच्या तळहातावरून घेतला, भिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांचा. त्याआधी सासूबाई जमिनीवर बसून तिला कितीतरी वेळ रागावत होत्या. "खाय वो बाई. कावून हट्ट करून राहिली? कोनाचं काय घेऊन जाशीन उपाशी राहून?"

लग्नात मला दिलेली पैठणी वर्षभरात परत मागून नेणाऱ्या मोठ्या नणंदबाईंचा बार्शीटाकळीहून रोज फोन येई. मला टायफॉइड झाला होता तेव्हा त्यांना रेंज मिळत नव्हती. आता मिळायला लागली. "कशी हाय तब्येत?" असं इतक्या मायेने विचारत की मी दोनदा स्वतःचीच सांगून बसले. मग खरा प्रश्न येई, "वजन त नाई ना उतरलं?" मसाला त्यांनी भाजून ठेवला होता.

जखम सुकत चालली तशी माझी मात्र पंचाईत झाली. मला ती आवडायला लागली होती, हे सरळच सांगते. मी खोलीत आले की ती डोळा फिरवून बघायची आणि घशातल्या घशात काहीतरी बोलायची. खपली धरली त्या दिवशी सगळ्यांना आनंद झाला आणि मी मोरीत जाऊन रडले. मलम थोडं कमी लावावं, असंही एकदा मनात आलं. पण समोर उघडी जखम असली की हात ऐकत नाही. सुरुवातीला ती डावा पाय ओढत चालायची. तेवढाच मला आधार होता. पुढे तेही गेलं.

आषाढ लागला. गावी जायच्या आदल्या दिवशी नणंदबाई मसाल्याच्या डब्यासह हजर झाल्या. कोंबडी बघायची म्हणून सासूबाईंनी ती अंगणात सोडली. मी दारात उभी राहिले, मला बाहेर जाववेना. ती निर्लज्ज एका किड्यामागे अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुफान पळाली.

सासूबाईंनी चष्मा पुसला, लावला, आणि म्हणाल्या, "लंगडते."

"कुठी लंगडते माय? चांगली पळून राहिली ना!"

"डावा पाय. पाह्य नीट. खोट असलेलं जनावर मी देवीले नेत नाई."

नणंदबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जीवशास्त्राला स्मरून सांगितलं की हो, किंचित लंगडते. दुसऱ्या दिवशी मरीमायची ओटी भरली, नारळ फोडला, आणि नणंदबाईंचा मसाला वांग्यांच्या भाजीत गेला. भाजी फार सुरेख झाली होती, पण ते त्यांना सांगायची हिंमत कुणाची झाली नाही.

परतल्यावर सासूबाई कण्या भिजवत बसल्या होत्या. मला राहवलं नाही. "आई, ती लंगडत नाही. मरीमायला दिसलं नसेल का?"

त्यांनी मानही वर केली नाही.

"समदं दिसते तिले. कुत्र्याच्या तोंडातून सोडवून तिनंच त देल्ली आपल्याले. देल्लेलं परत मागाले मरीमाय काय तुयी नणंद हाय?"