साहेबांसाठी वानोळा

त्या रविवारी दुपारी पहिला फोन साहेबांचा आला. "अरे, तुझ्या त्या मित्राचा मोबाइल लागत नाहीये. पाहुणे येऊन बसलेत आणि भरताच्या वांग्यांचा पत्ता नाही." तासाभरानं गजूच्या चुलत भावाचा फोन आला, तेव्हा कळलं... राजूर घाटातल्या वळणावर ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं होतं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी साहेबांना तसं कळवलं. ते म्हणाले, "अरेरे... फार चांगलं पोरगं होतं." मागे कुणीतरी ताटं मांडत असल्याचा आवाज येत होता. महिना होऊन गेला, तो आवाज काही कानातून जात नाही. घाटात वांगी पार खालपर्यंत सांडली होती म्हणतात. मी बघायला गेलो नाही.

गजू आणि मी कृषी महाविद्यालयातून एकाच वर्षी बाहेर पडलो. बुलढाण्यातल्या एका बियाणे कंपनीत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपवर दोघांनाही घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, की शेवटी एकालाच कायम करू. मी गावातलाच, कारकुनाचा मुलगा. इस्त्रीचा शर्ट आणि 'येस सर' एवढ्या भांडवलावर गेलो. गजू धामणगाव बढ्याचा. पहिल्याच सोमवारी त्यानं मक्याची कोवळी कणसं पिशवीभर आणली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. शेतात नवं काही निघालं की आमच्याकडे शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडे थोडं थोडं पोचवतात, तो वानोळा. साहेब पुण्याचे. त्यांना आधी काही कळेना, मग फार आवडलं. बाहेर आल्यावर मी गजूला झापलं, "हे ऑफिस आहे बे, तुझं आजोळ नाही." तो हसला. "काऊन बे? घरचं हाये, इकत थोडंच आणलं? साहेब आपल्याले शिकवून राह्यले, त्याहीले एवढं बी नाही द्याव?"

कणसं संपली, काकड्या आल्या, मग तुरीच्या शेंगा. हळूहळू वानोळा ऑफिसातून साहेबांच्या घरी जाऊ लागला, आणि त्यामागोमाग गजूही. सिलिंडर आणायचं, बाईसाहेबांना बाजारात सोडायचं, गाडी धुऊन आणायची... सगळं आनंदानं. "इम्प्रेशन पडून राह्यलं बे," मला म्हणायचा. घरात पहिली नोकरी त्याची लागणार होती, त्याची आई आतापासूनच 'आमचा गजू कंपनीत हाये' असं सांगत सुटली होती. खरं तर कंपनीला हवं ते त्याच्या डोळ्यांत होतं. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर तो चार पानं उलटून पाही आणि कीड कुठून शिरली ते सांगे. मी लिहून घेई आणि मीटिंगमध्ये शुद्ध भाषेत वाचून दाखवी. "तूच बोल बे, माह्या बोलण्याले हासतात थे," असं तोच म्हणायचा. हसतच होते. एकदा मीही हसलो होतो.

अपघाताच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, साहेबांनी मला आत बोलावलं. "कायम करायला तुझं नाव पाठवलंय. गजानन गुणी आहे रे, पण तो घरच्या गड्यासारखा वाटतो. कंपनीचा माणूस वाटत नाही. सोमवारपर्यंत त्याला काही बोलू नकोस." सहा महिने ज्याच्याकडून गड्याची कामं करून घेतली, तो गडी वाटतो म्हणे! मी 'थँक यू सर' म्हणालो.

संध्याकाळी गजू भेटला. मी त्याला सांगितलं नाही, ते काही साहेबांनी बजावलं होतं म्हणून नव्हे. शेवटच्या प्लॉटची निरीक्षणं त्यानं मला सांगायची बाकी होती आणि मला माझा अहवाल चांगला हवा होता. त्यानं एकूण एक सांगितलं. निघताना म्हणाला, "रविवारी साहेबाकडे पुण्याचे मोठे साहेब जेवाले येऊन राह्यले. भरताचे वांगे मांगतले. आता माहं पक्कं समज." मी म्हणालो, "हो. जा."

गेल्या आठवड्यात त्याचे वडील ऑफिसात आले. हातात हरभऱ्याच्या घाट्यांची पिशवी होती. "साहेबाले द्याचा होता म्हणे. थो बोलला होता." साहेब दौऱ्यावर होते. काकांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बाबू, खरं सांग. लागला होता नं थो?"

"हाव काका," मी म्हणालो. "त्याचंच नाव गेलं होतं."

काकांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मंग त्याच्या जाग्यावर तुले घेतलं असंल. बरं झालं बापा. आपलंच पोरगं लागलं."

ती पिशवी माझ्या टेबलाखाली आहे. घाटे वाळून गेले, ती साहेबांना द्यायला माझा हात धजत नाही आणि टाकवतही नाही. काका बाजाराला मोताळ्यात येतात, तिथे पेपरची ही पुरवणी मिळते, त्यांच्या हाती पडेल. पडावी म्हणूनच लिहिलं. काका, त्याचं नाव गेलं नव्हतं. मला शुक्रवारीच माहीत होतं.