हात मागे बांधलेल्या बाई

सबंध ऑस्ट्रेलिया खंडात घाई म्हणजे काय हे ठाऊक नसलेली एकच व्यक्ती आहे, आणि रोज सकाळी आपली मुलगी नेमकी तिच्याच हवाली करून मला ट्रेन गाठायची असे. सिडनीच्या क्वेकर्स हिल भागात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक चाइल्डकेअर सेंटर होतं. तिथल्या चार वर्षांच्या पोरांच्या वर्गावर या बाई होत्या. मूळच्या नागपूरच्या, वय पंचावन्नच्या आसपास, बॉयकट केलेले पांढरे केस आणि गुडघ्यांवर कायम रंगाचे नाहीतर मातीचे डाग. इथल्या पद्धतीप्रमाणे सगळी पोरं त्यांना चक्क नावाने हाक मारत. मला ते काही जमेना, म्हणून मी आपला त्यांना बाई म्हणायचो.

बाईंची खूण म्हणजे पाठीमागे बांधलेले हात. एखादं पोर बूट घालायला बसलं की बाई त्याच्या शेजारी उभ्या राहायच्या आणि आपलेच दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवायच्या. पोर डाव्या पायात उजवा बूट कोंबतंय, पुन्हा काढतंय, पट्टा भलतीकडेच चिकटवतंय, आणि बाई क्रिकेटची मॅच पाहावी तशा तल्लीन होऊन बघताहेत. एकदा मला राहवेना. मी खाली वाकलो आणि आमच्या ईराचा बूट सरळ करायला लागलो, तर म्हणाल्या, "हात मागे घ्या जी. माझेही हात लय आगाऊ आहेत, म्हणून तर धरून ठेवावे लागतात." त्या दिवशी माझी ट्रेन गेली. ईरा दिवसभर उलटे बूट घालून हिंडली आणि संध्याकाळी बायकोने मलाच फैलावर घेतलं, कारण बाईंना काही बोलायची तिची छाती नव्हती.

सेंटरचं एक ॲप होतं. त्यावर वर्गावर्गातून रोज मुलांचे फोटो यायचे आणि खाली मुलं आज काय काय शिकली याची कौतुकं असायची. शेजारच्या वर्गातली पोरं दात काढून हसायची, आणि आमच्या वर्गातून यायच्या निव्वळ मुंड्या, त्याही मागून. खाली बाईंची एक ओळ: 'आज ईरा बराच वेळ गोगलगाय बघत होती. मी मध्ये बोलले नाही.' ठाण्याहून माझी आई फोन करून विचारायची, "अरे, पोरीला तोंड आहे ना?" मी बाईंकडे तक्रार नेली. त्या म्हणाल्या, "तोंडाचा फोटो काढायचा म्हणजे ती माझ्याकडे बघणार. मग गोगलगायीकडे कोण बघेल?" पुण्याचे एक गृहस्थ तर मुलाला अजून वर्कशीट का देत नाही, त्याला शंभरपर्यंत आकडे कधी येणार, असं विचारायला तावातावाने आले होते. बाईंनी शांतपणे सांगितलं, "येतात तितके येतात जी. आज त्याला चारच लागले. ट्रकला चाकं चारच होती." गृहस्थ आले तसे परत गेले. बाई कुणाला व्हेरी गुड म्हणत नसत, कुणाला हसत नसत, आणि कितीही मोठा माणूस समोर आला तरी त्याला वर्गातल्या वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसवल्याशिवाय बोलत नसत.

त्या खुर्चीवर बसायची पाळी माझ्यावरही आली. झालं असं होतं, की ईरा सेंटरमध्ये जाऊ लागली त्याच सुमाराला ऑफिसातल्या एका मित्राने मला सल्ला दिला होता, की घरात मराठी बंद कर, नाहीतर पोरगी शाळेत मागे पडेल. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस, पण हा सल्ला मात्र न तपासता घरी लागू केला. दुसऱ्या दिवसापासून 'फिनिश युअर वरणभात' सुरू. बायको वैतागली. माझी आई फोनवर 'हाऊ आर यू बाळा' एवढं म्हणून गप्प बसायला लागली. आणि ईरा, जी एरवी बाथरूममध्येसुद्धा अखंड बडबडायची, ती हळूहळू मुकी झाली. घरी हो-नाहीपुरती मान हलवायची, आणि सेंटरमध्ये तर तीन महिने तिने एक शब्द म्हणून काढला नाही. आमची झोप उडाली. पोरीला काही झालं असेल का, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारायचंही टाळायला लागलो.

मी बाईंना म्हटलं, "तुम्ही तिला बोलतं करा ना. थोडं मागे लागा." बाईंनी मला त्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसल्या.

"घरी काय बोलता?"

"इंग्लिश. तिला सोपं जावं म्हणून."

"आणि आधी?"

"मराठी."

आता बाई चार शब्द सुनावतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी सुट्टी काढा. वर्गाला गोष्ट सांगायची आहे. मराठीत."

"वर्गाला? अहो, समजणार कुणाला?"

"तुम्ही या तर खरं."

शुक्रवारी मी गेलो. समोर मांडी घालून वीस पोरं: कुणी पंजाबी, कुणी पॅसिफिकमधल्या बेटांवरची सामोअन, कुणी इथलीच सोनेरी केसांची. ईरा सगळ्यांत मागे, पायांकडे बघत. मी घामाघूम. पूर्वी ईराला अंघोळ घालताना मी एका हत्तीची गोष्ट रचून सांगायचो, तीच सुरू केली. एक हत्ती असतो, त्याला मावशीकडे जायचं असतं, म्हणून तो रिक्षा थांबवतो. पोरं माझ्याकडे आ वासून बघत होती. माझी भंबेरी उडाली आणि मी सांगून मोकळा झालो, की रिक्षा पंक्चर झाली आणि मग हत्ती आत बसला.

"नाही बाबा!" मागून आवाज आला. "आधी हत्ती बसतो! मग पंक्चर होते! तुला काहीच येत नाही!"

ईरा उठून उभी राहिली होती, रागाने लाल. शेजारचा सामोअन मुलगा तिच्याकडे बघत म्हणाला, "व्हॉट डिड शी से?" मी बाईंकडे पाहिलं, तर त्यांनी एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट आवळून धरलं होतं. आणि ईराने त्या मुलाला इंग्लिशमध्ये सगळी गोष्ट सांगितली, हत्ती, मावशी, रिक्षा, पंक्चर, एकही गोष्ट न गाळता. मला रडू आलं, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. त्या दिवशी ॲपवर ओळ होती: 'आज ईराने बाबांची चूक सुधारली.' घरात त्याच संध्याकाळी मराठी परत आली.

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. ईरा आता शाळेत जाते, दोन्ही भाषांत आमचं डोकं खाते. गेल्या महिन्यात भाजीच्या दुकानात बाई अचानक समोर आल्या, थोड्या थकलेल्या वाटल्या. मी हरखून गेलो. ईराने मात्र अनोळखी माणसाला करावं तसं शहाण्यासारखं हॅलो केलं आणि ती संत्री निवडायला लागली. बाईंनी ओळख पटवून द्यायचा आग्रह केला नाही. माझ्याशी दोन शब्द बोलून त्या वळल्या, आणि त्या चार पावलं गेल्या असतील नसतील तोच ईराने खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, त्या आजी कोण होत्या?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ऐकलं होतं. त्या थांबल्या, मागे वळल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी बघतच राहिलो.

"मराठीत विचारलं जी तिने," त्या म्हणाल्या, आणि मेथीची जुडी ट्रॉलीत ठेवून पुढे गेल्या.