मुकुटाचा एक इंच

माझ्या मूर्तींची डोकी जरा जास्त वर जातात. मोजलं तर इंचभरच, पण डोळ्याला जाणवतं. यावर शहाण्या लोकांनी बरंच लिहून ठेवलंय. एकाला त्यात आत्म्याची ऊर्ध्वगती दिसली. एका विदुषीनं जबलपूरच्या कारखान्याच्या क्वार्टरांत गेलेलं माझं बालपण हाताशी धरलं आणि चर्च, मशीद, गुरुद्वारा, गणपती असं सगळं एका ताटात वाढून त्याला ‘संस्कृतींचा संगम’ म्हटलं. बाई आमच्या लाइनीत आठ दिवस राहिली असती तर संगमाचा वास तिलाही आला असता. बंगाल्यांकडे मासे तळले की आमच्या खिडक्या धाडधाड लागायच्या आणि आमच्या हिंगाच्या फोडणीला समोरचे नाकं मुरडायचे. शेजारच्या अंकलना आई चहा द्यायची, पण त्यांचा कप मोरीवरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. तो कप कोणा लेखात आलेला नाही.

हे अंकल कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंड ओतायच्या आधी वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, त्यावरून साचा निघतो. ते नमुने करणारे मिस्त्री. दक्षिणेकडचे ख्रिस्ती, एकटे राहायचे, हिंदी मोडकंतोडकं. दर डिसेंबरात चर्चसाठी ते लाकडाचा गोठा करायचे, त्यातली मेंढरं, गाय, आई आणि बाळ कोरायचे, आणि रंगवायला मला बोलवायचे. चेहरा कसा रंगवायचा ते मी त्यांच्या व्हरांड्यात शिकले. “आंख आखिर में,” ते सांगायचे. “पहले बनाया तो वो तुमको देखता रहेगा, हाथ कांपेगा.” पुढे कॉलेजात मला पाच वर्षं कला शिकवली गेली. एवढं कामाचं वाक्य तिथं एकानंही सांगितलं नाही.

त्यांची फुटपट्टीही वेगळी होती. तिचा इंच आपल्या इंचापेक्षा किंचित मोठा. “मेटल ठंडा होके सिकुड़ता है, बेटी. इसलिए पहले से बड़ा बनाने का.” चार फुटांमागे जवळजवळ एक इंच वाढायचा. आयुष्यभर तीच पट्टी वापरून त्यांच्या हाताला दुसरं माप राहिलं नव्हतं.

पासष्टच्या लढाईचं वर्ष होतं. मी चौदा वर्षांची. कारखान्याचा भोंगा वेळीअवेळी वाजायचा, माल भरून गाड्या जात होत्या, आणि त्या धांदलीत आमच्या गणेश मंडळाची मूर्ती नागपूरहून येईना. पूजेची लहान मातीची मूर्ती गावात मिळायची, प्रश्न मांडवातल्या चार फुटी मूर्तीचा होता. वडील मंडळाचे सेक्रेटरी. ते अंकलना भेटले. अंकलनी शिफ्ट करून आल्यावर बसून, देवदाराच्या फळ्या जोडून, तीन आठवड्यांत गणपती कोरला. रंग मी दिला. त्यात माझं होतं ते तेवढंच.

मूर्ती झाली तेव्हा वडिलांना घाम फुटला.

“ख्रिश्चनानं बनवला म्हटलं तर मंडळात तमाशा होईल,” ते आईला म्हणाले. “पोरीनं बनवला म्हणून सांगू. तशीही ती रोज तिथंच बसून राहिली होती.”

“काहून खोटं बोलता देवाच्या कामात?” आई म्हणाली.

“रंग तिनंच दिला ना? मग झालं तर.”

आणि हे अंकलना सांगायला मलाच पाठवलं. वडिलांची छाती तेवढीच होती. अंकलनी ऐकून घेतलं, पटाशीवरचा भुसा फुंकला आणि “अच्छा” म्हणाले.

चतुर्थीच्या सकाळी मूर्ती मखरात जाईना. मखर मोठ्या साहेबांनी करून दिलेलं, बरोब्बर चार फुटी, आणि दहा वाजता त्यांच्या मिसेस आरतीला येणार होत्या. मुकुटाचं टोक कमानीला अडत होतं. का अडतंय हे तिथं दोघांनाच ठाऊक होतं: मला, आणि चपलांच्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या अंकलना. साहेबांच्या मखराला हात लावायची कोणाची टाप नव्हती. अध्यक्षांनी देवच कापायचं ठरवलं.

“चलो बेटा, तूच बनवला ना? मग तूच काप,” ते म्हणाले. “दुसऱ्यानं देवाला करवत लावू नये.”

एवढं सोवळं त्यांना त्या वेळी आठवलं. मी वडिलांकडे पाहिलं. ते कापूर शोधत होते. मूर्ती माझी नाही, ज्यांची आहे ते मागे उभे आहेत, हे म्हणायला चार शब्द पुरले असते. मी करवत घेतली आणि मुकुट कापला. लोकांनी मोरया केलं. उघड्या पडलेल्या लाकडावर मी सोनेरी रंग फासला, आणि दहा वाजता माझं कौतुक झालं. मला ते आवडलं, हेही सांगून टाकते.

“मेटल होता तो अपने आप छोटा हो जाता,” अंकल जाताना हळूच म्हणाले. रागावलेले दिसले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या डिसेंबरात बोलावणं आलं नाही. मी आपणहून गेले. मेंढरं, गाय, बाळ, सगळं रंगवून झालं होतं, बाळाचे डोळे तिरळे होते. अंकलनी मला चहा दिला, स्वतःच्याच कपांपैकी एकात. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली.

माझ्या परिचयात छापतात, चौदाव्या वर्षी पहिला गणपती घडवला म्हणून. मी अजून ते खोडलेलं नाही. श्रद्धेबद्दल विचारतात तेव्हा मी काहीतरी गंभीर बोलते आणि ते लिहून घेतात. खरं एवढंच आहे की मी देवळात जात नाही, चर्चमध्येही नाही, कारण दोन्हीकडे तोंड दाखवायची लाज वाटते. त्याऐवजी प्रत्येक मूर्तीला तो इंच परत लावत बसते.

गेल्या महिन्यात प्रदर्शनवाल्या मुलाचा फोन आला. काचेच्या पेटीत मूर्ती बसत नाही, डोकं अडतंय. “मॅडम, वरून जरासं कमी करता येईल? तुमचीच आहे, तुम्हीच केलेलं बरं.”

“मग पेटी कापा,” मी म्हटलं. त्या दिवशी मखरासमोर मला एवढंच म्हणायचं होतं.