वरून पाणी पिणारे मामा

कुंभकोणममधले आमचे शेजारी, तिथली जुनी मराठी बोलणारे मामा कुठल्याच भांड्याला ओठ लावत नाहीत. पाणी वरून तोंडात ओततात, नाहीतर म्हणे भांडं एच्चिल, म्हणजे उष्टं होतं. आता पार्किन्सनने हात थरथरतो, निम्मं पाणी सदऱ्यावर जातं, तरी तेच.

चेन्नईच्या एका इस्पितळात या आजारावर नवा प्रयोग चालू होता. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू कॅप्सूलमधून रोग्याच्या आतड्यात पोचवायचे. मी मामांसोबत गेलो होतो. डॉक्टरांनी तमिळमधून सगळं स्पष्ट सांगितलं. आता मामा चपला घालून चालू लागणार, असं मला वाटलं. त्यांनी मुकाट्याने कॅप्सूल घेतली, तीही वरून तोंडात टाकून. मी चक्रावलोच. उष्टं एवढं पाळणारा माणूस हा!

परतीच्या बसमध्ये मी त्यांना माझी बाटली दिली. त्यांनी ती उंच धरली आणि पाणी गळ्यावरून सदऱ्यात गेलं.

“मामा, आता तरी तोंड लावा. सकाळी काय गिळलंत, आठवतंय ना?”

त्यांनी बाटली धोतराच्या सोग्याला पुसून माझ्या हातात दिली.

“दुसऱ्याचं मज चालेल, बा,” ते म्हणाले. “माझं तुज कसं देऊं?”