तिठ्यावरच्या बाजाराचं गाऱ्हाणं

मार्च संपत आला होता आणि लालबागच्या गल्लीत सकाळपासूनच अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. वारा पूर्ण पडलेला. मसाला कुटायच्या डंखाच्या दणक्यांनी उडालेली मिरचीपूड जागच्या जागी तरंगत होती, गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून उभी होती. बेबी मेस्त्रीला मात्र इतक्या वर्षांत कुणी शिंकताना पाहिलं नव्हतं. मसाल्याच्या दुकानाच्या फळीवर मांडी ठोकून ती बेडगी मिरचीची देठं खुडत होती.

"साडी तरी बदलून जा गो," शेजारची रुपाली म्हणाली. "पदर बघ, लालेलाल झालाय."

"साडी बदलेपर्यंत सभा आटपेल. हितेंद्रला तेच पायजे."

सभा होती आंबेखोल ग्रामस्थ मंडळाची, परळला, गाववाल्यांच्या जुन्या खोलीत. आंबेखोल म्हणजे तीन रस्ते मिळतात तो तिठा, तिठ्यावरचा पिंपळ आणि पिंपळाखाली भरणारा मंगळवारचा बाजार. आता तिथं नगरपंचायत झाली होती, गावाचं शहर करायचा आराखडा आला होता. आराखड्यात तिठ्यावर व्यापारी संकुल होतं, आणि बाजार उचलून टाकला होता बायपासपलीकडे, वर उघड्या कातळाच्या सड्यावर. आजच्या सभेतून मंडळाच्या पाठिंब्याचं पत्र गेलं की काम फत्ते; कारण मुंबईकरांनी मान हलवल्याशिवाय आंबेखोलात देवळाचा रंगसुद्धा बदलत नाही.

पिंपळाखाली बेबीची आई बसते. आनंदीबाई. सत्तरी उलटली तरी दर मंगळवारी कोकमाची सोलं आणि काजूगर घेऊन बसते, अर्ध्या तालुक्याची उणीदुणी काढते आणि तरतरीत होऊन घरी जाते. टोपली डोक्यावर घेऊन तो सडा चढणं तिच्या गुडघ्यांना जमायचं नव्हतं.

खोलीत तीसेक पुरुष दाटीवाटीनं बसलेले. बेबी आत शिरली तशी हितेंद्रनं भुवई उडवली. तो मंडळाचा अध्यक्ष, धंदा जागांच्या दलालीचा.

"वयनी, चाय मागच्या बाजूक."

"चाय तू कर. माझो घोव ड्युटीर असा. घरटी एक माणूस, तो मी."

"बरा, बसा. पण मधी बोला नको. गाव शहर होता हा, जरा खूश होवा!"

"हयसर पण असाच सांगलेला रे मेल्या. माझो सासरो ज्या गिरणीत साचो चालवी, थय टॉवर इलो. आता त्याच टॉवराचो गेट माझो घोव उघडता. अजून किती खूश होव?"

दोघंचौघं हसले. हितेंद्रचे कान तापले. "धोंडूमामा, गाऱ्हाणा घाला. सुरवात करूया."

मंडळाची रीतच तशी. आधी ग्रामदेव रवळनाथाच्या तसबिरीपुढे नारळ धरून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीनं मागणं, मग कामकाज. म्हातारे धोंडूमामा उठले, बेबीच्या शेजारी उभे राहिले आणि हात जोडून गरजले, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली दणाणली.

बेबीनं पदर डोक्यावर घेतला. सकाळभराची मिरची भसकन उडाली. मामांना असा ठसका लागला की डोळे पांढरे व्हायची वेळ. पाणी दिलं, पाठ चोळली, पण आवाज काही फुटेना. आणि घातलेलं गाऱ्हाणं अर्धं सोडायचं नसतं.

बेबीनं नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! तुझो गाव मोठो होवंदे, रस्ते होवंदे, गटारा होवंदे, दवाखानो होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण तिठ्यार तुझ्या लेकी बाजार मांडतत, तो बाजार थयच रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांका सड्यार धाडूचो कोणी इचार केल्यान, तर तो इचार त्याच्याच पायाखाली घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा होकार सगळ्यात मोठ्यानं हितेंद्रनंच दिला. लहानपणापासूनची सवय, म्हाराजा ऐकलं की तोंड आपोआप उघडतं. दिला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"ह्या काय गाऱ्हाणा झाला? बायल माणूस गाऱ्हाणा घालता? आणि ती मिरची! मुद्दाम उडवलास तू!"

"मिरची काय माझ्या बापाशीची चाकर हा, सांगितल्यार उडाक?" बेबीनं नारळ देवापुढे ठेवला. "तुका देवाक नाय म्हणूचा असात तर म्हण. हो नारळ. सगळ्यांदेखत म्हण."

हितेंद्रनं नारळाकडे पाहिलं, मग माणसांकडे. एकही जण त्याच्या नजरेला नजर देईना.

धोंडूमामांचा घसा तेवढ्यात मोकळा झाला. डोळे पुसत ते म्हणाले, "हितेंद्रा, आता देवाक शब्द गेलो. आराखड्यार हरकत लिही."

हितेंद्रनं लिहिली. लिहिताना तोंडातल्या तोंडात काय पुटपुटत होता ते देवालाच ठाऊक. मंडळाची हरकत, बाजार तिठ्यावरच राहावा.

"नगरपंचायतीत सुनावणीक कोण जातला?" कुणीतरी विचारलं.

"मी जातंय," बेबी म्हणाली. "आवशीक घेवन. टोपलीसकट."

ती परत लालबागला आली तेव्हा उन्हं कलली होती. रुपालीनं मान वर केली. "काय झालं गो?"

"सांगते. तो ढीग आधी इकडे सरकव."

पदर खोचून बेबी फळीवर बसली आणि देठं खुडायला लागली.