बुडालेल्या वेशीवर

चपटा, गुळगुळीत दगड हाती लागला की अजून माझी बोटं शिवशिवतात आणि मग मूठ आपोआप मिटते. पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलो त्या वर्षीची गोष्ट. एका रविवारी आम्ही सहाजण मावळातली तळी आणि गावं बघायला निघालो. तळेगावच्या पुढे गाडीतून उतरलो, वाटाड्या म्हणून तिथलाच एक म्हातारा घेतला. संध्याकाळची परतीची गाडी चुकली तर सकाळची पाळी बुडणार, म्हणून मी सारखा घड्याळ बघत होतो आणि म्हातारा मात्र दर अंगणात थांबून सगळ्यांची खुशाली विचारत होता. "बाबा, पाय उचला जरा," मी दोनदा खेकसलो. दुपारी धरणाच्या तळ्याशी आलो. काठावर त्यानं वहाणा काढल्या आणि हात जोडून उभाच राहिला. समोर देऊळ नाही, काही नाही, नुसतं पाणी. मला धीर निघेना. एक चपटा दगड उचलून मी पाण्यावर भिरकावला. चार टप्पे घेऊन तो बुडाला. "दगड मारू नगा, सायेब," पाण्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "खाली आमचं गाव हाय. येशीवरचा मारुती हितंच व्हता, म्हनून पायतान काढलं." मी घड्याळ बाहीखाली लपवलं. पुढे गाडी मिळाली, पाळीही चुकली नाही. आता तर कसलीच घाई उरलेली नाही. तो दगड तेवढा अजून तळाला टेकलेला नाही.